व्यापार, दुभाषेपण आणि रोजनिशी : आनंदरंग पिळ्ळै यांच्या दैनंदिनीचा एक अभ्यास (१७३६–१७६१)

प्रस्तावना

आत्मपर लेखन ही निवांत माणसाची मिरास आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. व्यापारधंदा, नोकरी, सार्वजनिक कामे आणि नाना प्रकारचे छंद यांत गुंतलेल्या माणसाकडून नियमित लेखनाची अपेक्षा आपण सहसा करीत नाही, आणि त्याने लिहिलेच तर ते फावल्या वेळातील किरकोळ काम मानतो. परंतु अठराव्या शतकातील दक्षिण भारताच्या इतिहासाचे एक अत्यंत महत्त्वाचे साधन अशाच एका माणसाच्या लेखणीतून उतरलेले आहे. पाँडिचेरी येथील व्यापारी आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य दुभाषी आनंदरंग पिळ्ळै (१७०९–१७६१) यांनी सप्टेंबर १७३६ पासून जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, तमिळ भाषेत रोजनिशी लिहिली. या काळात ते कापडाचे व्यापारी होते, कंपनीचे अडते होते, जहाजाचे मालक होते, गव्हर्नरचे सल्लागार होते, कवींचे आश्रयदाते होते आणि ज्योतिषाचे व्यासंगीही होते.

या दैनंदिनीचा उपयोग आजवर प्रामुख्याने डुप्लेच्या राजकारणाचे साधन म्हणून झाला आहे. इतक्या व्यापात असलेल्या माणसाने ती लिहिली कशी आणि का, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मध्यवर्ती ठेवला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) पिळ्ळै यांचा व्यापार, पद आणि व्यासंग यांचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध तपासणे.
२) रोजनिशी लिहिण्यामागील संभाव्य प्रेरणांचा शोध घेणे.
३) अशा लेखनाच्या मर्यादा लक्षात घेऊन इतिहाससाधन म्हणून त्याचे मूल्य ठरविणे.

घराण्याची पार्श्वभूमी

आनंदरंग पिळ्ळै यांचा जन्म ३० मार्च १७०९ रोजी मद्रासजवळील पेरांबूर येथे झाला. त्यांचे वडील तिरुवेंगडम पिळ्ळै हे व्यापारी होते. त्यांचे नातलग नैनिया पिळ्ळै पाँडिचेरीत फ्रेंचांचे मुख्य दुभाषी होते आणि त्यांच्या सांगण्यावरून हे कुटुंब मद्रास सोडून पाँडिचेरीत आले. ‘दुभाषी’ या शब्दाने आज केवळ भाषांतर करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्या काळी या पदाचा आवाका फार मोठा होता. कंपनीसाठी विणकरांकडून व व्यापाऱ्यांकडून माल मिळविणे, आगाऊ रकमांची हमी घेणे, देशी सत्ताधीशांशी पत्रव्यवहार सांभाळणे, नजराणे ठरविणे आणि शहरातील देशी वस्तीच्या तक्रारी गव्हर्नरपर्यंत पोहोचविणे, ही सर्व कामे दुभाष्याकडे असत. त्याचे वैभव मोठे असे आणि त्याची असुरक्षितताही तितकीच मोठी असे.

या असुरक्षिततेचा अनुभव पिळ्ळै यांच्या घराण्याने जवळून घेतला होता. गव्हर्नर एबेर याच्या काळात, १७१६ मध्ये, नैनिया पिळ्ळै यांना कैद करण्यात आले, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि १७१७ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा मुलगा गुरुव पिळ्ळै न्याय मागण्यासाठी थेट फ्रान्सला गेला. तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याला मानमरातब मिळाला आणि परत आल्यावर तो स्वतः मुख्य दुभाषी झाला. आनंदरंग त्या वेळी बालवयात होते. साहेबाची मर्जी फिरली की काय होते, हे या मुलाने घरातच पाहिले होते. पुढील विवेचनात या घटनेचा पुन्हा विचार करावा लागेल.

व्यापार आणि व्यासंग

१७२६ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा आनंदरंग सतरा वर्षांचे होते. गव्हर्नर लनवार याचा या घराण्यावर विश्वास होता. त्याने आनंदरंगांना पोर्टो नोव्हो येथील वखारीत देशी नोकरवर्गाचे प्रमुख नेमले. पोर्टो नोव्हो हे निळ्या रंगाच्या कापडाचे महत्त्वाचे केंद्र होते. याखेरीज त्यांनी अर्काट आणि लालापेट्टै येथे स्वतःच्या पेढ्या उघडल्या आणि युरोपीय माल देऊन देशी माल घेण्याचा व्यवहार सुरू केला. पुढे त्यांच्या मालकीचे ‘आनंदप्पुरवि’ नावाचे जहाजही किनाऱ्यावर ये-जा करू लागले.

व्यापाराबरोबर व्यासंगही वाढत गेला. ज्योतिषावर त्यांची श्रद्धा होती आणि ग्रहदशा व मुहूर्त यांचे उल्लेख रोजनिशीत वारंवार येतात. कवी आणि पंडित यांना त्यांच्याकडे आश्रय होता. त्यांच्या गौरवार्थ संस्कृतमध्ये श्रीनिवास कवीचे ‘आनंदरंगचंपू’ हे काव्य १७५२ मध्ये सिद्ध झाले, आणि तमिळ व तेलुगू भाषांतही त्यांच्यावर काव्यरचना झाली. त्यांचे पाँडिचेरीतील घर फ्रेंच आणि तमिळ वास्तुशैलींच्या मिश्रणासाठी आजही ओळखले जाते.

गिऱ्हाईक, गव्हर्नर, विणकर, ज्योतिषी, कवी आणि जहाजाचा तांडेल ही माणसे एकमेकांच्या जगात फारशी येत नसत. ती सर्व एकत्र येत ती एकाच ठिकाणी, पिळ्ळै यांच्या वहीत. या दृष्टीने ही रोजनिशी म्हणजे त्यांच्या विखुरलेल्या आयुष्याला एकत्र बांधणारा धागा होता, असे म्हणता येईल.

रोजनिशीचे स्वरूप : कीर्द आणि आत्मकथन यांच्या मध्ये

रोजनिशीचा आरंभ ६ सप्टेंबर १७३६ रोजी होतो. कानांनी ऐकलेले, डोळ्यांनी पाहिलेले, जहाजांचे येणे-जाणे आणि घडलेल्या नवलाच्या गोष्टी लिहून ठेवण्याचा हेतू लेखकाने आरंभीच सांगितला आहे. या यादीत जहाजांना स्वतंत्र स्थान आहे, ही बाब बोलकी आहे. बंदरातील व्यापाऱ्याच्या दृष्टीने जहाज म्हणजे माल, पैसा, पत्रे आणि नव्या साहेबाची नेमणूक. बंदरात दिलेली तोफांची सलामीदेखील ते नोंदवितात, कारण त्यावरून आलेल्या माणसाचा दर्जा कळतो.

नोंदींची घडण व्यापारी वहीशी नाते सांगणारी आहे. प्रत्येक नोंदीला तमिळ संवत्सर, महिना आणि दिवस यांच्याबरोबर युरोपीय तारीखही असते, आणि पुष्कळदा दिवसाचा प्रहर किंवा तासही दिलेला असतो. नल, अक्षय ही संवत्सरांची नावे आपल्या शालिवाहन पंचांगातील नावांप्रमाणेच असल्याने मराठी वाचकास हा कालनिर्देश परका वाटत नाही. येथे अभ्यासकाने एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पिळ्ळै यांच्या युरोपीय तारखा फ्रेंचांच्या नव्या गणनेनुसार आहेत, तर इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी गणना पाळली. त्यामुळे मद्रासच्या पाडावासारखी घटना फ्रेंच कागदांत २१ सप्टेंबर १७४६ या दिवशी, तर इंग्रज कागदांत अकरा दिवस अलीकडे, १० सप्टेंबरला दिसते.

भाषा ग्रांथिक तमिळ नसून बोलीच्या जवळची आहे. बंदराच्या व्यवहारात रुळलेले फारसी, पोर्तुगीज, फ्रेंच आणि तेलुगू शब्द तीत सहज येतात. मराठी दप्तरातील ‘कीर्द’ आणि ‘खतावणी’ यांची आठवण करून देणारा हा प्रकार आहे. कीर्दीत दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी, घडेल त्या क्रमाने उतरतो, आणि पुढे खतावणीत तो खातेवार लावला जातो. पिळ्ळै यांनी आयुष्याची कीर्द लिहिली, पण तिची खतावणी कधी केली नाही. आयुष्याचा एकत्रित अर्थ लावून सांगण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. तो आज वाचणाऱ्यावर सोपविला गेला आहे.

पेशवे दप्तरातील रोजनिशांशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. पेशव्यांच्या रोजनिशा या सरकारी कारभाराच्या नोंदी आहेत आणि त्यांत लिहिणाऱ्या कारकुनाचे ‘मी’पण नाही. उलट, नाना फडणीस यांचे छोटेखानी आत्मवृत्त हे घडून गेलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहते. पिळ्ळै यांचे लेखन या दोहोंच्या मध्ये उभे आहे. ते रोजच्या रोज लिहिलेले आहे आणि तरीही त्यात बोलणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

व्याप वाढला तशी नोंद वाढली

मद्रास सरकारने प्रसिद्ध केलेले या दैनंदिनीचे इंग्रजी भाषांतर बारा खंडांचे आहे. या खंडांची विभागणी पाहिली असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. १७३६ पासूनची सुमारे दहा वर्षे पहिल्या एका खंडात मावतात. त्यानंतरच्या जेमतेम एका वर्षाला मात्र दुसरा व तिसरा असे दोन खंड लागले आहेत. मूळ वह्यांचा काही भाग नष्ट झाला आहे हे ध्यानात घेऊनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ते वर्ष पिळ्ळै यांच्या दृष्टीने विश्रांतीचे होते काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. फेब्रुवारी १७४६ मध्ये मुख्य दुभाषी कनकराय मुदली यांचे निधन झाले आणि त्या पदासाठी स्पर्धा सुरू झाली. हे पद ख्रिस्ती माणसाकडेच असावे असा जेझुइट पाद्र्यांचा आग्रह होता आणि गव्हर्नरची पत्नी मादाम डुप्ले हिचाही कल त्याच बाजूला होता. प्रत्यक्ष काम पिळ्ळै पाहत होते, परंतु पद अधिकृतपणे पदरात पडण्यास १७४७ साल उजाडले. याच सुमारास ला बूर्दोनेच्या आरमाराने मद्रास घेतले, त्याचा आणि डुप्लेचा बेबनाव झाला, आणि अर्काटच्या नबाबाच्या फौजेशी फ्रेंचांची लढाई झाली. पिळ्ळै यांच्या दारात सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ असणार, आणि तरीही नोंदी दीर्घ होत गेल्या. डुप्लेशी झालेली संभाषणे प्रश्नोत्तरांसह पानेच्या पाने भरून लिहिली गेली.

याचा अर्थ असा की, पिळ्ळै यांच्या बाबतीत लेखन आणि व्याप हे परस्परविरोधी नव्हते. व्याप हेच लेखनाचे निमित्त होते. ज्या दिवशी गव्हर्नरने काही वचन दिले, प्रतिस्पर्ध्याने काही कारस्थान केले किंवा एखाद्या व्यापाऱ्याने हमी मोडली, त्या दिवशी लिहिणे अधिक निकडीचे होते.

लेखनामागील प्रेरणा

येथे नैनिया पिळ्ळै यांच्या तुरुंगवासाचे स्मरण करणे आवश्यक ठरते. दुभाष्याचे सारे भांडवल हे दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून असे. साहेब तोंडी हुकूम देई, तोंडी आश्वासन देई, आणि नवा गव्हर्नर आला की जुन्या आश्वासनांना साक्षीदार उरत नसे. अशा माणसाला कोण, केव्हा, कोणासमोर काय बोलले याची तारीखवार नोंद ही एक प्रकारची ढाल वाटली असेल, तर त्यात नवल नाही. पिळ्ळै यांनी असा हेतू स्वतः सांगितलेला नाही, परंतु संभाषणे शब्दशः टिपण्याची त्यांची सवय या अनुमानास पुष्टी देते.

दुसरी प्रेरणा व्यापारी आहे. बंदरात बातमी हेच भांडवल असते. १७४० मध्ये रघुजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. दामलचेरूच्या घाटात नबाब दोस्तअली मारला गेला, १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास गेला. त्याचे कुटुंब पाँडिचेरीच्या आश्रयाला आले होते. गव्हर्नर द्यूमा याने ते मराठ्यांच्या स्वाधीन करण्यास आणि खंडणी देण्यास नकार दिला. मराठी साधनांतून ही मोहीम आपण छावणीच्या बाजूने पाहतो. पिळ्ळै यांच्या नोंदींत ती तटाच्या आतून दिसते : स्वारीच्या वार्ता, अफवा, आश्रयासाठी येणारी माणसे, दूतांची ये-जा. ज्याच्या पेढ्या अर्काटच्या मुलखात होत्या, त्या व्यापाऱ्याला या वार्तांचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी हा दुसरा कोन जमेस धरणे उपयुक्त ठरेल.

तिसरी प्रेरणा शुद्ध कुतूहलाची आहे, आणि ती नाकारली तर या माणसावर अन्याय होईल. लाभहानीशी ज्यांचा काही संबंध नाही अशा कितीतरी गोष्टी त्यांनी टिपल्या आहेत. गुलाम म्हणून विकण्यासाठी माणसे पळविल्याचे १७४३ चे प्रकरण, किंवा चर्चमध्ये उच्च जातीय आणि अस्पृश्य ख्रिस्ती यांच्यामध्ये असलेल्या भिंतीवरून १७४५ मध्ये झालेला तंटा, अशा नोंदींमुळे ही रोजनिशी सामाजिक इतिहासाचेही साधन ठरते.

दोन निष्ठांमधील ताण : १७४८ ची नोंद

अनेक भूमिका एकाच वेळी निभावणाऱ्या माणसाला केव्हातरी त्यांच्यातील विरोधाला सामोरे जावेच लागते. पिळ्ळै यांच्या बाबतीत तो प्रसंग सप्टेंबर १७४८ मध्ये आला. इंग्रज दर्यासारंग बॉस्कवेन याच्या फौजा पाँडिचेरीला वेढा घालीत असताना, ८ सप्टेंबर रोजी, शहरातील वेदपुरीश्वराचे मंदिर फ्रेंचांनी पाडले. मंदिराच्या शेजारीच जेझुइटांचे चर्च होते आणि हे मंदिर हटविण्याचा त्यांचा आग्रह जुना होता. युद्धाने ती संधी दिली.

पिळ्ळै या वेळी मुख्य दुभाषी होते. ते स्वतः वैष्णव कुळातील श्रद्धावान हिंदू होते. देशी वस्तीचे प्रमुख त्यांच्याकडे धावले, कारण गव्हर्नरजवळ शब्द टाकू शकेल असा दुसरा माणूस नव्हता. परंतु वेढ्याच्या त्या दिवसांत गव्हर्नरचा निर्णय फिरविण्याचे सामर्थ्य त्यांच्याही हाती नव्हते. त्या दिवसाची नोंद दीर्घ आहे. काय पाडले गेले, कोण आले, काय बोलले हे सारे तीत आहे. पाद्री आणि मादाम डुप्ले यांच्यावरील रोषही तीत आहे. हा आघात आपल्याच कारकिर्दीत झाला, ही बोच त्या शब्दांआडून जाणवते.

दुसऱ्या दिवशी हाच माणूस गव्हर्नरच्या भेटीस गेला आणि शहराच्या बचावाच्या कामाला लागला. याला दुटप्पीपणा म्हणावे की अगतिकता, याचा निकाल देणे सोपे नाही. जे तो दरबारात बोलू शकला नाही ते त्याने वहीत लिहिले, एवढे मात्र निश्चित. व्यापारी आणि दुभाषी म्हणून गप्प राहिलेला माणूस रोजनिशीत बोलता झाला.

मर्यादा

या साधनाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकणे उचित नाही. पहिली मर्यादा स्वार्थाची आहे. कनकराय मुदली, अन्नपूर्ण अय्यन किंवा मादाम डुप्ले यांच्याविषयीचे त्यांचे मत हे प्रतिस्पर्ध्याचे मत आहे. डुप्लेच्या तोंडची आपली स्तुती ते मोठ्या आवडीने लिहितात. दुसरी मर्यादा भाषेची आहे. गव्हर्नरशी झालेला संवाद तमिळमध्ये उतरला आणि पुढे तो इंग्रजीत गेला, म्हणजे आपल्या हाती येणारा शब्द दोनदा भाषांतरित झालेला असतो. तिसरी मर्यादा मौनाची आहे. घरातील जन्म, विवाह व मृत्यू यांचे उल्लेख येतात, परंतु घरातील स्त्रियांचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. विणकरही येतो तो मालाच्या संदर्भात, माणूस म्हणून क्वचितच. व्यापाऱ्याच्या दृष्टीला जे दिसले तेच वहीत उतरले.

अखेर आणि पुनर्शोध

१७५४ मध्ये डुप्ले याला परत बोलावण्यात आले. पिळ्ळै यांची प्रकृती ढासळत गेली आणि १७५६ मध्ये ते पदावरून दूर झाले. पद गेले तरी वही सुटली नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. केवळ पदाच्या रक्षणासाठी लेखन असते, तर ते येथेच थांबावयास हवे होते. लालीच्या काळातील ओढाताण आणि इंग्रजांचा अखेरचा वेढा यांच्या नोंदी पुढेही होत राहिल्या. १२ जानेवारी १७६१ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी, १४ जानेवारीस, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, आणि १६ जानेवारीस पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. एकाच आठवड्यात इंग्रजांचे दोन प्रबळ प्रतिस्पर्धी खचले. पिळ्ळै यांनी त्यांपैकी एकही घटना पाहिली नाही.

त्यांच्या वह्या पुढे पंच्याऐंशी वर्षे अंधारात राहिल्या. १८४६ मध्ये गाल्वा-माँब्रं या फ्रेंच अधिकाऱ्याच्या त्या दृष्टीस पडल्या आणि त्यांची नक्कल झाली. १८९४ मध्ये ज्युलियन व्हिन्सन याने निवडक भाग फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. मद्रास सरकारने १९०४ ते १९२८ या काळात इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्याचे संपादन प्रथम प्राइस आणि रंगाचारी यांनी व पुढे डॉडवेल याने केले. मूळ तमिळ पाठ छापला जाण्यास मात्र १९४८ साल उजाडावे लागले. ज्या भाषेत रोजनिशी लिहिली गेली, त्या भाषेच्या वाचकाला ती सर्वांत शेवटी मिळाली.

निष्कर्ष

१) आनंदरंग पिळ्ळै यांची रोजनिशी ही फुरसतीतून नव्हे, तर व्यापातून निर्माण झाली. कामाचा ताण सर्वाधिक असताना नोंदी सर्वाधिक विस्तृत आहेत.
२) लेखनाची शिस्त त्यांना व्यापारी वहीने दिली. तारीख, व्यक्ती, शब्द आणि रक्कम यांची अचूकता हा त्याच शिस्तीचा परिणाम होय.
३) घराण्यावर ओढवलेले संकट आणि दुभाष्याच्या पदाची अनिश्चितता यांमुळे नोंद ही आत्मसंरक्षणाची गरज बनली असावी. तथापि, पद गेल्यानंतरही चालू राहिलेले लेखन केवळ या गरजेने स्पष्ट होत नाही.
४) लेखकाच्या विविध भूमिकांमुळे राजकीय, आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचे धागे या साधनात एकत्र आले, आणि त्याच भूमिकांनी त्याच्या दृष्टीला मर्यादाही घातल्या.

समारोप

या अभ्यासातून महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक व्यावहारिक विचार पुढे येतो. महाराष्ट्रातील बाजारपेठांच्या जुन्या गावांत सावकारी वाडे आणि अडत्यांच्या पेढ्या होत्या. त्यांचे रोजमेळ, कीर्दी आणि खतावण्या आजही कोठे माळ्यावर, कोठे तळघरात पडून आहेत, आणि वाडा पाडला की बहुधा रद्दीत जातात. त्यांत केवळ आकडेच असतील असे गृहीत धरण्याचे कारण नाही. जमाखर्चाच्या वहीत एखाद्याने प्लेगचे साल, नदीचा पूर, मुलीचे लग्न किंवा साहेबाची भेट टिपून ठेवलेली असू शकते. आपापल्या गावातील अशा वह्यांची निदान यादी करण्याचे काम इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेता येईल. पिळ्ळै यांच्या वह्या पंच्याऐंशी वर्षांनी एका जिज्ञासू माणसाच्या हाती पडल्या, हा योगायोग होता. प्रत्येक वहीच्या वाट्याला तो येईल, या भरवशावर मात्र राहता येणार नाही.